थंडीची मंजुरी

कुठलाही कागद हातात आला की मी आधी खाली बघते. मजकूर मागाहून. पान किती पैकी किती, हे पहिलं. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने कार्ड दिलं तेव्हासुद्धा माझी नजर आधी खालीच गेली, आणि तो वैतागून म्हणाला की तुझ्या त्या टेस्टरकाकांना एकदा भेटायलाच हवं. मी ते मुद्दाम जमवून आणलं नाही. त्यांनी नवऱ्याच्याही चुका काढल्या असत्या, आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

रीडिंगमधली ती माझी इंग्लंडातली पहिली नोकरी. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या एचआरमध्ये मी बेनिफिट्स बघायची. म्हणजे पगार सोडून कंपनी माणसाला जे जे देते ते सगळं: पेन्शन, सायकल, दात, डोळे. टेस्टरकाका तिथलेच. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. बाकीचे टेस्टर पाच वाजता ते थांबवून घरी जात. यांचं थांबत नसे. साठी ओलांडलेली, उंच, किंचित वाकलेले, बारा महिने तेरा काळ एकच करडा स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि टोपणाचं पेन.

ती कार्डं म्हणजे त्यांचा छळवाद. काहीही खटकलं की कार्ड निघे, टोपण निघे, आणि बारीक अक्षरात तीन ओळी उमटत. अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि चुकीची तीव्रता किती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या गृहस्थांच्या हातात जेवता जेवता कार्ड ठेवलं होतं: 'अपेक्षित: मसालेभात गरम. प्रत्यक्ष: मसालेभात कोमट. तीव्रता: मध्यम.' त्या गृहस्थांनी पुढची दोन वर्षं यांना पंगतीत शेवटच्या टोकाला बसवलं. यांनी त्यावरही कार्ड दिलं असतं, पण टोकाला भात उशिरा येतो आणि उशिरा येणारा भात नव्या पातेल्यातला असतो, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी तीच जागा कायमची मागून घेतली.

ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत, अगदी कालची आलेली पोरंसुद्धा. मी नागपूरची. बापाच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ उचलेना. 'सर' म्हणून बघितलं, तर म्हणाले, मी तुला काही शिकवत नाही. 'काका' ऑफिसात बरं दिसेना. शेवटी मी 'अहो'वर भागवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या इंग्रज बाईने मग एकदा त्यांना ईमेलच 'अहो' करून लिहिली. तिला तीन ओळींचं कार्ड आलं, आणि मला मात्र दिवसभर तोंड लपवायची वेळ आली.

आमची पहिली भेट माझ्या दुसऱ्याच आठवड्यात झाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि हातातली पानं पुढे धरली. कंपनीने सगळ्यांना दिलेली आरोग्य योजनेची माहिती होती ती.

"चौथं पान कुठंय?"

मी बघितलं. खाली छापलं होतं, पान ४ पैकी १. आणि पानं तीनच. मी म्हटलं, छापताना चुकलं असेल, तीनच असतील.

"चौथं पान नाहीच आहे, की आहे आणि आमच्यापर्यंत आलं नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मनात म्हटलं, बाप्पा, कुठे येऊन पडले मी. पण नवी होते, म्हणून शोधलं. दोन दिवस जुने फोल्डर उपसले आणि चौथं पान खरंच सापडलं. पावती अमुक इतक्या आठवड्यांच्या आत पाठवली नाही तर पैसे मिळणार नाहीत, ही अट त्याच पानावर होती. दोन वर्षं ते पान कोणालाच गेलं नव्हतं, आणि लोकांचे क्लेम नाकारले जात होते, आणि का ते कोणाला कळत नव्हतं. मी ते सगळ्यांना पाठवलं. माझं कौतुक झालं. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "चांगलं झालं. तिसऱ्या पानावर एक स्वल्पविराम जास्त आहे."

ही आरोग्य योजना त्यांचा विशेष जिव्हाळ्याचा विषय. साधी गोष्ट होती. महिन्याचा हप्ता कंपनी भरायची. त्या हप्त्यावर थोडासा टॅक्स आपल्या पगारातून जायचा. पण दात, चष्मा, फिजिओथेरपी अशा ठरलेल्या गोष्टींवर खर्च केला आणि पावती पाठवली, की वर्षाच्या मर्यादेपर्यंत पैसे परत मिळत आणि त्या पैशांवर एका पेनीचाही टॅक्स नसे. नवराबायको दोघांना चाले. निम्म्या ऑफिसला हे माहीतच नव्हतं. ते मात्र ती पॉलिसी दोन्ही बाजूंनी छापून, बांधून, खुणा घालून जवळ बाळगत. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी पावत्या घेऊन लोक उभे असत, आपले मराठी, तेलुगू, इंग्रज सगळे. कोणाची रूट कॅनाल, कोणाची आई भेटीला आलेली आणि तिचा चष्मा मोडलेला. आईचा चष्मा बसत नाही, असं ते दोन सेकंदात सांगत, आणि मग त्या माणसाचा स्वतःचा चष्मा कसा बसतो ते दहा मिनिटं समजावत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "सरकारने आपल्यासाठी एक दार उघडं ठेवलंय. त्यातून वाकून जायचं. भिंत फोडायची नाही."

भिंत फोडली मी.

झालं असं की माझी पाठ धरली होती. स्टेशनजवळ एक मसाजचं दुकान होतं, तिथे जाऊन मस्त तेलाने रगडून घेतलं. काउंटरवरच्या पोरीने आपण होऊनच विचारलं, पावतीवर स्पोर्ट्स थेरपी लिहू का, सगळे तसंच लिहून नेतात. मी म्हटलं, लिही बाई. चाळीस पाउंड परत आले. आता एवढी हुशारी केल्यावर माणूस गप्प बसतो का? मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. त्यात तेही बसलेले. सँडविच खात होते, खात राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डवर कार्ड: 'अपेक्षित: पाठ बरी, कागद बरा. प्रत्यक्ष: पाठ बरी, कागद आजारी. तीव्रता: उच्च.'

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले आणि सुनावलं की माझ्या बापाने मला कधी असं बोलून दाखवलं नाही, आणि विमा कंपनी काय उपाशी मरणार आहे काय चाळीस पाउंडांसाठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बेनिफिट्समध्ये आहेस. तुझा कागद खोटा निघाला तर उद्या इथल्या सगळ्यांच्या खऱ्या कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही." मी तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या आठवड्यात पैसे परत करायला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, पैसे परत घ्यायचा आमच्याकडे फॉर्मच नाही, आजवर कोणी मागितला नाही. मग तो फॉर्म कसा असावा हे यांनीच त्यांना लिहून कळवलं. मला म्हणाले, आता झोप लागेल. मी म्हटलं, मला आधीही लागत होती. पण खरं सांगायचं तर लाज वाटली होती, आणि त्यांनी ती चूक माझ्याकडून वेळेत निस्तरून घेतली याचं बरंही वाटलं होतं.

काकूंची ओळख झाली ती ब्लाउजमुळे. त्यांचं घर नदीपलीकडे कॅव्हर्शमला होतं आणि मागच्या खोलीत काकूंचं शिवणाचं मशीन. रीडिंग ते स्लाव, जिला म्हणून नीट बसणारं ब्लाउज घालायचं असे ती बाई काकूंकडे यायची. काकू बुटक्या, गोल, बोलायला चटपटीत, आणि नवऱ्याला मुळीच न घाबरणाऱ्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, यांना देवाने वर बोलावलं तर हे आधी बोलावणं वाचतील, आणि त्यात चूक निघाली तर जाणार नाहीत, म्हणून मी निर्धास्त आहे.

त्याच काकूंच्या बोटांत संधिवात शिरला. सकाळी मुठी मिटेनात. बोटांची पेरं सुजून लाल. गोळ्या चालू होत्या, हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या, पण सुईत दोरा ओवायला जमेना. ते ऑफिसला निघायच्या आधी पंधरा सुया ओवून, उशीला टोचून ठेवून येत. दुपारपर्यंत त्या संपल्या की काकू पदर सावरून खिडकीशी बसून राहत. माझ्या भावाच्या लग्नाचं ब्लाउज त्यांनी हाताने हेम न घालता दिलं आणि शिलाई घेतली नाही. मला म्हणाल्या, "हात गेले तर मी कोण गं मग?" मी ब्लाउज छातीशी धरून नुसती उभी राहिले.

अशात एका फिजिओने त्यांना थंडीच्या उपचाराचं सांगितलं. क्रायोथेरपी. छोटी खोली असते, त्यात उणे पंच्याऐंशी डिग्री. हातमोजे, मोजे, कानपट्टी घालून आत तीन मिनिटं उभं राहायचं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याने आजार जात नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, पण बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पहिली खेप फुकट होती, म्हणून काकू गेल्या. बाहेर आल्या त्या हसतच. संध्याकाळी त्यांनी स्वतः सुई ओवली. दोन दिवस बोटं मोकळी राहिली. तिसऱ्या दिवशी क्लिनिकला फोन करून भाव विचारला आणि फोन ठेवून दिला. एका खेपेचे पंचावन्न पाउंड.

काकू इतकी वर्षं इंग्लंडात राहूनही पाउंडाचे रुपये केल्याशिवाय काही विकत घेत नसत. तीन मिनिटांचे सहा हजार रुपये, आणि ते कशाचे तर थंडीचे! "या देशात थंडी फुकट आहे," त्या म्हणाल्या. "ती विकत घ्यायला मी वेडी नाही." यांनी परोपरीने सांगितलं. आपल्याला परवडतं, म्हणाले. आणि ते खरं होतं. पण काकू अडून बसल्या. एकच वाट त्यांनी ठेवली: कंपनीची ती योजना पैसे देत असेल तर जाईन. योजनेने दिलेले पैसे त्यांच्या लेखी पैसे नव्हते, हक्क होता. पण घरातले पंचावन्न पाउंड थंडीवर? मेले तरी नाही.

झालं, हे कामाला लागले. क्लिनिकची मुलगी म्हणाली, मी फिजिओथेरपी म्हणून पावती देते, लगेच पास होईल. तुम्हीच सांगा, दुसरा कोणी असता तर? बायकोच्या हाताचा प्रश्न. मी त्यांना म्हटलंही की अहो, या एका वेळी भिंत फोडा, मी बघितलंच नाही असं समजा. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आपल्या टेबलाशी परतले. क्लेमवर त्यांनी लिहिलं: उपचाराचं स्वरूप, अतिथंड खोलीत तीन मिनिटं उभं राहणे. आठ दिवसांत उत्तर आलं. हा उपचार यादीत नाही. त्यांनी अकरा पानांचं अपील केलं, पानावर पान नंबर घातलेलं. पुन्हा उत्तर आलं, तितकंच सभ्य, तितकंच नाही.

काकूंनी मग फुकटच्या थंडीचे प्रयोग केले. गोठवलेल्या मटारच्या पिशवीत हात घालून बसल्या. जानेवारीत मागच्या दारी बादलीत पाणी ठेवून, वरचा बर्फ फोडून त्यात हात बुडवले. त्याने आराम तर पडला नाहीच, उलट बोटं काळीनिळी पडून दुखणं वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी झापलं ते वेगळं. त्या महिन्यात त्यांनी एका बाईचं ब्लाउजपीस न शिवता परत केलं. यांनी मला ऑफिसात सांगितलं. कार्ड काढलं नाही, नुसतं सांगितलं. "तिने आजपर्यंत कधी कापड परत केलं नव्हतं," म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर कार पार्क बघत बसले.

आणि फेब्रुवारीत चमत्कार झाला. मंडळाच्या तिळगूळ समारंभात काकू मला धरून म्हणाल्या, "पास झालं गं! कंपनीने मानलं शेवटी. यांच्या अपिलापुढे कोण टिकणार?" आठवड्याला एक खेप सुरू झाली होती. बोटं सरळ झाली नव्हती, पण सुई ओवली जात होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली. पण घरी जाता जाता डोक्यात किडा वळवळायला लागला. पॉलिसी माझ्याच टेबलावर होती. यादी बदललेली नव्हती. कोणाचा कुठला क्लेम पास होतो हे कंपनीला कळत नाही, ते खाजगी असतं, त्यामुळे बघायची सोय नव्हती. म्हटलं, म्हणजे शेवटी यांनीही फिजिओथेरपी लिहून घेतली तर. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटलं. माझे चाळीस पाउंड आठवले.

जूनमध्ये ब्लाउज टाकायला गेले तेव्हा काकूंनी कौतुकाने मंजुरीची पत्रं दाखवली. प्लास्टिकच्या फायलीत, रेशनकार्ड जपावं तशी जपलेली. दर तीन महिन्यांनी पुढच्या खेपांची मंजुरी येते, म्हणाल्या, पत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढची वेळ घेत नाही. मी पत्र हातात घेतलं आणि सवयीने खाली बघितलं. पान १ पैकी १.

त्या विमा कंपनीची पत्रं मी रोज बघत होते. त्यांना पान नंबर घालायची अक्कल नव्हती. मग वर बघितलं. पत्रात तीन परिच्छेद होते. उपचारापासून काय अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काय फरक पडला. आणि रुग्णाच्या त्रासाची तीव्रता. कागद उत्तम, भाषा उत्तम, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. विमा कंपनीला सात जन्मांत असं पत्र लिहिता आलं नसतं.

मी फाईल परत दिली आणि म्हटलं, छान आहे. परतीच्या बसमध्ये मला आधी हसू आलं आणि मग रडू. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मला टिश्यू दिला.

दुसऱ्या दिवशी ते किचनमध्ये चहा करत होते. मी बाजूला उभी राहिले आणि हळूच म्हटलं, काल पत्र बघितलं. त्यांनी दूध ओतलं, चमचा फिरवला, चमचा धुऊन जागेवर ठेवला. मग सांगितलं. पैसे तेच भरत होते, आपल्या खिशातून, क्लिनिकला, पूर्ण. योजनेकडून एक पेनीही घेतली नव्हती. बँकेचं सगळं तेच बघत असल्यामुळे काकूंना कळायचा प्रश्न नव्हता. कळवायचं होतं ते फक्त मंजुरीचं, आणि ते पत्राशिवाय पटणार नव्हतं.

"माझे चाळीस पाउंड परत करायला लावलेत तुम्ही," मी म्हटलं. "कागद आजारी म्हणालात."

"कंपनीला खोटं सांगणं म्हणजे चोरी," ते म्हणाले. "बायकोला खोटं सांगणं म्हणजे संसार. पण चूक ती चूकच. तीव्रता मला ठरवता येत नाहीये."

एवढा नेमका माणूस असं म्हणाला, तेव्हा मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू. मी कागदी नॅपकिन घेतला आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. अपेक्षित: विमा कंपनीचं पत्र. प्रत्यक्ष: टेस्टरचं पत्र. तीव्रता: उच्च, कारण काकू मूर्ख नाहीत. ते वाचून आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले. पुढच्या तिमाहीपासून पत्र आधी माझ्याकडे यायचं. मी पान नंबर काढायची, भाषा थोडी बिघडवायची, एखादं वाक्य उगाच लांबवायची. प्रत्येक बिघाडाला ते हरकत घेत. "हे व्याकरण चूक आहे." "म्हणूनच खरं वाटेल," मी म्हणायची. मग नाइलाजाने मान्य करत.

तेव्हा मला त्यांचं दुसरं एक कोडं उलगडलं. ते रिटायर होत नव्हते. सदुसष्ट झाले, अडुसष्ट झाले, पेन्शन केव्हाची पिकलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी रोज सकाळच्या बसला हजर. तरुण पोरं मागून हसत, की म्हातारा ऑफिसातच देह ठेवणार. एकदा कंपनीने भलामोठा पैसा देऊन माणसं कमी केली, तेव्हा सगळ्यांनी यांना सांगितलं, घ्या आणि सुटा. यांनी घेतला नाही. नोकरी गेली की योजना जाते, हे त्यांना माहीत होतं आणि काकूंनाही माहीत होतं. पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं आणि हेच एकदा घरी मोठ्याने वाचून दाखवून बसले होते. चूक त्यांची, शिक्षाही त्यांचीच. काकूंची सुई ओवली जावी म्हणून हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी बस पकडत होता.

पण कंपनी कोणासाठी थांबत नाही. एका शरद ऋतूत अख्खं टेस्टिंगचं खातंच बंद करून ते काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं. या वेळी विचारलं नाही, सांगितलं. महिन्याची मुदत. काकूंनी बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकला फोन करून पुढच्या सगळ्या वेळा रद्द केल्या. यांनी सांगून बघितलं की रिटायर झालेल्यांसाठीही काही असतं. काकू म्हणाल्या, असेल तर कंपनीचं पत्र दाखवा, त्या मुलीच्या हातचं. ती मुलगी म्हणजे मी.

हे त्यांनी मला टेबलाशी येऊन सांगितलं. दोन खेपा चुकल्या होत्या. पुन्हा सुया ओवून ठेवून ते येत होते. मी वाट बघत होते की आता म्हणतील, लिहून दे. ते म्हणाले नाहीत.

"मी तुला सांगणार नाही," ते म्हणाले. "तू कंपनीच्या नावावर बसलेली आहेस. मी फक्त परिस्थिती कळवली." आणि गेले.

त्या रविवारी मी घरी बसून पत्र लिहिलं. कंपनीचं नाव नाही, शिक्का नाही, साधा पांढरा कागद, खाली माझी सही. तेवढी अक्कल मी ठेवली होती. जुन्या पेन्शनच्या एका पत्रावरून नक्कल केली, मजकूर काढून नवा घातला. दीर्घ सेवा बजावलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीस थंडीचा उपचार यापुढेही मंजूर करण्यात येत आहे. मसाजच्या चाळीस पाउंडांनंतर माझ्या सहीचा हा पहिला खोटा कागद.

निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये होता. मॅनेजर दोन शब्द बोलला. यांना बोलायला सांगितलं, तर म्हणाले, सगळ्यांचे आभार, केकवर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. लोक पोट धरून हसले. ते खरंच चुकलेलं होतं. काकू निळी साडी आणि वर कोट अशा एका बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला, बोटं कपाच्या कानातून जात नव्हती म्हणून.

मी जाऊन त्यांना पाकीट दिलं. म्हटलं, काकू, तुमच्या मंजुरीचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग पाकीट न उघडताच यांच्याकडे दिलं. "तुम्ही वाचा आधी."

त्यांनी चष्मा लावला. वाचायला लागले. मला ते वाचन माहीत होतं: ओळीवर ओळ, न गाळता, शेवटी सही, आणि सहीनंतर अगदी खाली. त्यांची नजर तिथे गेली आणि थांबली. त्यांच्या खांद्यावरून मलाही दिसलं. पेन्शनचं ते जुनं पत्र दोन पानांचं होतं. मजकूर बदलला होता, पण खालची ओळ बदलायची राहिली होती. पान २ पैकी १. त्यांचा हात खिशाकडे गेला. पेन निघालं. टोपण निघालं.

मग त्यांनी काकूंच्या हातांकडे बघितलं, कपाभोवती धरलेल्या. टोपण परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"मंजूर आहे."

काकूंनी मान पुढे करून कागद बघितला. चाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केलेली बाई ती. आधी खालीच बघितलं.

"दुसरं पान कुठंय?"

त्यांनी पत्राची घडी घातली, काकूंच्या पर्समध्ये ठेवली, आणि पर्सची चेन स्वतः ओढून लावली, कारण ती काकूंना लावता येत नव्हती.

"दुसरं पान लागत नाही," ते म्हणाले.